आधी एक पावसाळा त्या घरात काढा

कल्याणच्या एका ताईंनी विचारलंय. नव्या इमारतीत ६४० चौरस फूट कार्पेटचा टू बीएचके, ताबा नुकताच मिळालाय. घरात नवरा-बायको, सासूबाई आणि ५ वर्षांचा मुलगा. बजेट ६ लाख. वास्तुशांत अक्षय्य तृतीयेला, म्हणजे हातात जेमतेम दोन महिने. कंत्राटदाराने थ्रीडी चित्रं काढून दिलीत: हॉलमध्ये फॉल्स सिलिंग, टीव्हीमागे पॅनेल, एल आकाराचा सोफा, दोन्ही बेडरूममध्ये भिंतभर कपाटं. नातेवाईक म्हणताहेत, सगळं एकदाच उरकून घ्या, पुन्हा पुन्हा सुतार घरात नको. ताई विचारतात, लोक नेमके कुठे चुकतात ते सांगा, आम्हाला नंतर पस्तावायला नको.

ताई, मी २१ वर्षं ठाण्यापासून बदलापूरपर्यंत घरांच्या आतली कामं करून देते. तुमचं सगळं वाचल्यावर मला काळजी वाटली ती तारखेची. रंग चुकला तर आठवड्यात बदलता येतो, पडदा आवडला नाही तर उतरवता येतो. दहा-दहा वर्षं छळणारी चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. नंतर बदलता न येणाऱ्या गोष्टी मुहूर्ताच्या घाईत ठरतात, आणि सहज बदलता येणाऱ्या गोष्टींवर घरात महिनाभर खल चालतो. म्हणून माझं मत आधीच सांगते: वास्तुशांत ठरल्या दिवशी करा, राहायलाही जा, पण ६ लाखांतले निम्मे तरी पैसे दसऱ्यापर्यंत मोडू नका.

हे सगळ्यांना लागू नाही. इमारत जुनी असेल, चार पावसाळे झालेले असतील आणि कुठली भिंत पाझरते ते शेजारीपाजारी सांगू शकत असतील, तर एकदम काम काढायला हरकत नाही. घरात तान्हं बाळ असेल किंवा कुणाला दमा असेल, तर लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा वास राहत्या घरात नकोच, तिथेही आधी उरकलेलं बरं. तुमच्याकडे तसं काही नाही असं धरून लिहितेय. असेल तर सांगा, पुढचं बरंचसं बदलेल.

आता पावसाचं का म्हणते ते सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वी डोंबिवलीत मी स्वतः ही चूक केली. नवा फ्लॅट, मार्चमध्ये काम सुरू केलं, मेमध्ये संपवलं. मोठ्या बेडरूममध्ये पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला आठ फूट रुंदीचं, थेट छतापर्यंतचं कपाट बसवलं. भिंतीला अगदी चिकटून, पाठीला ६ मिलिमीटरचा प्लाय. घर सुरेख दिसत होतं. गौरी यायच्या दोन दिवस आधी त्या घरच्या काकूंचा फोन आला. मी गेले, त्यांनी काही न बोलता कपाट उघडलं. गौरीला नेसवायच्या साड्यांच्या पिशवीवर पांढरट हिरवी बुरशी होती, हात लावला की भुकटी बोटाला यायची. पाठीचा प्लाय अंगठ्याने दाबला तर ओल्या पुठ्ठ्यासारखा आत गेला. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी खाली उतरलेली केसाएवढी भेग होती, तिच्यातून दोन महिने पाणी मुरत होतं. बिल्डरच्या माणसांनी बाहेरून भरून दिली, पण आतून भिंत मोकळी हवी होती आणि भिंत माझ्या कपाटामागे. कपाट सोडवलं, पाठीचा आणि तळाचा प्लाय फेकून दिला, नवा घातला. तो खर्च मी सोसला. काकूंच्या आईची इरकल मात्र वाचली नाही, तिच्यावरचे डाग गेलेच नाहीत.

तेव्हापासून नव्या इमारतीत पहिल्या पावसाळ्याआधी मी बाहेरच्या भिंतीला काहीही कायमचं लावत नाही. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून मारतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंतींची परीक्षा जून ते सप्टेंबरमध्येच होते. शिवाय नव्या प्लास्टरमध्ये मुळातच पाणी असतं. ते हळूहळू बाहेर पडताना क्षार पृष्ठभागावर येतात, रंगाला पोपडे सुटतात. याला आपण लोणा लागणं म्हणतो. अशा भिंतीवर महागाचा रंग, वॉलपेपर किंवा लाकडी पॅनेल चढवलं की ओल आतल्या आत राहते आणि डाग दिसेपर्यंत वर्ष गेलेलं असतं.

याची दुसरी बाजू कायद्याची आहे, ती फार कमी लोकांना माहीत असते. २०१६च्या रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो पैसे न घेता ३० दिवसांत दुरुस्त करून द्यायचा असतो. पण दोष दाखवायला भिंत दिसली पाहिजे. आणि आपणच तिथे ठोकाठोकी केलेली असेल तर दोष तुमच्या कामाचा, असं ऐकावं लागतं. म्हणून सुतार घरात शिरण्याआधी प्रत्येक खोलीच्या चारी भिंती, छत आणि खिडक्यांचे कोपरे यांचे तारखेसह फोटो काढून ठेवा. बाथरूममध्ये दोन बादल्या पाणी ओता आणि ते पाणी जायच्या जाळीकडे जातं की दारापाशी साचतं ते बघा. गळती वा उतार चुकलेला असेल तर आजच लेखी कळवा.

कपाट बाहेरच्या भिंतीलाच लावावं लागणार असेल, कारण कधीकधी दुसरी भिंतच नसते, तर पाठीमागे दीड-दोन इंच हवा खेळती ठेवायची आणि खालच्या पट्टीत जाळी द्यायची. तुमचं टीव्हीचं पॅनेल कुठल्या भिंतीवर आहे ते चित्रात बघा. दोन खोल्यांमधली आतली भिंत असेल तर ठीक. बाहेरची असेल तर ते दिवाळीपर्यंत थांबवा.

मग अक्षय्य तृतीयेआधी करायचं काय? ज्याला भिंत फोडावी लागते आणि ज्याने धूळ होते ते सगळं. म्हणजे विजेचे पॉइंट, एसीचा तांब्याचा पाइप आणि त्याची पाणी जायची नळी, प्लंबिंग, बाथरूमची फरशी निसरडी असेल तर ती. फोडाफोडीच्या आधी एक चौकशी करा: तुमची इमारत मायवन पद्धतीची आहे का? म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकसंध काँक्रीटमध्ये ओतलेले. कल्याण-ठाण्यात नवे टॉवर बरेचसे असेच आहेत. त्या भिंती इमारतीचं वजन घेतात, त्यांत वायरिंगसाठी खाच मारायची नसते आणि त्या पाडायचा तर विचारही करायचा नाही. तिथे नवा पॉइंट हवा तर वायर भिंतीवरून पट्टीत न्यावी लागते, म्हणून ती फर्निचरच्या मागून कशी जाईल हे आधी ठरवायचं. सोसायटीची परवानगी आणि डिपॉझिट असेल तर तेही आत्ताच उरकून घ्या.

पॉइंट ठरवायला मी एकच करायला सांगते. एका रविवारी सगळ्यांनी रिकाम्या फ्लॅटमध्ये जायचं, खडू न्यायचा आणि सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस तिथे मनाने जगायचा. मोबाइल चार्जिंगला कुठे लावता, मिक्सर कुठे फिरतो, इस्त्री कुठे करता, राउटर कुठे, इन्व्हर्टर कुठे, गणपतीच्या मखराला दिव्यांच्या माळा कुठून घेणार? प्रत्येक ठिकाणी भिंतीवर फुली. इंडक्शन, ओव्हन, गीझर, वॉशिंग मशीन, एसी यांना १६ अँपिअरचा पॉइंट लागतो, बाकीच्यांना ६ पुरतो. बेडरूमच्या दिव्याला एक बटण दारापाशी आणि एक उशाशी, हे आत्ता केलं तर काहीच नाही, नंतर करायचं तर भिंत फुटते. एक्स्टेंशन बोर्डांचं जाळं झालेली लाखालाखांची घरं मी बघितली आहेत, आणि त्या प्रत्येक घरात पॉइंट सोफ्याच्या आधी ठरले नव्हते.

स्वयंपाकघराकडे येते. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण घरातली सगळ्यात जास्त कष्टाची जागा हीच, आणि थ्रीडी चित्रात सगळ्यात कमी विचार इथलाच केलेला असतो. चित्रातल्या ओट्यावर एक फुलदाणी आणि तीन लिंबं असतात. तुमच्या ओट्यावर पोळपाट, कणकेची परात, कुकर आणि मुलाचा डबा असणार आहे.

बिल्डरचा ओटा बहुतेक सगळ्या फ्लॅटमध्ये एकाच उंचीचा असतो. तो तुम्हाला बरोबर आहे का हे बघायची माझी रीत अशी. जी व्यक्ती रोज पोळ्या लाटते तिला ताठ उभं करायचं, कोपर काटकोनात वाकवायला सांगायचं. कोपरापासून ४ ते ६ इंच खाली ओट्याचा वरचा भाग यावा. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईला साधारण ३२ ते ३४ इंच येतो. पण आकड्यावर मी थांबत नाही. टेबलावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचून ती उंची करते, वर पोळपाट ठेवते आणि चार पोळ्या लाटायला लावते. गेल्या वर्षी बदलापूरच्या एका आजींनी तिसऱ्या पोळीला लाटणं थांबवलं आणि खांदा चोळला. म्हणाल्या, मला वाटायचं वयामुळे दुखतो. दोन गठ्ठे काढले, पुन्हा लाटायला लावलं, खांदे खाली आले. ओटा उंच असला की लाटताना अंगाचा भार लाटण्यावर येत नाही, सगळं खांद्याला ओढावं लागतं. तुमच्याकडे स्वयंपाक तुम्ही करता की सासूबाई, की दोघी मिळून? दोघींच्या उंचीत चार इंचांचा फरक असेल तर लाटणारीच्या उंचीने ओटा ठरवा. सिंक थोडं उंच असलेलं मात्र चालतं, कारण भांडी घासताना हात तळाशी जातो आणि कमरेतून वाकावं लागतं.

ट्रॉल्यांचं म्हणाल तर त्या ठरवायच्या आधी घरातली भांडी जमिनीवर मांडा. गव्हाचं पिंप, तेलाचा डबा, मोठा कुकर, पुरणयंत्र, कढया, आणि वर्षाचं धान्य भरत असाल तर तांदळाची गोणी. यांतलं जवळजवळ काहीच कप-बशीच्या ट्रॉलीत जात नाही. ओट्याखाली दोन कप्पे नुसते मोकळे, दार लावलेले ठेवले तर जड वस्तू तिथे सुखाने राहतात आणि पैसेही वाचतात. पाइपचा गॅस नसेल तर १४.२ किलोचे दोन सिलिंडर कुठे, तेही लिहा. सिलिंडरच्या कपाटाला तळाशी जाळी हवीच, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली साचतो. बास्केट स्टीलच्या घेताना ३०४ ग्रेडच्या मागा, आपल्या दमट हवेत हलक्या ग्रेडला दुसऱ्या वर्षी तांबेरा धरतो. सिंकखाली साधा प्लाय लावू देऊ नका.

प्लायबद्दल आता सांगूनच टाकते. शीटवर आयएसआयचा शिक्का असतो आणि त्याच्याबरोबर क्रमांक. ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचा, ७१० म्हणजे मरीन. खोल्यांतल्या कपाटांना चांगल्या प्रतीचा ३०३ पुरतो, पाण्याजवळ ७१० घ्या. शीट कापण्याआधी शिक्का स्वतः बघा, फोटो काढा. दारांसारख्या समोर दिसणाऱ्या भागावर पैसे घालून बिजागऱ्या आणि चॅनल (ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या पट्ट्या) हलक्या घेणं ही नेहमीची गफलत. सनमायका दिसतो, पण दार रोज वीस वेळा उघडताना भार बिजागरीवर येतो.

मोठं फर्निचर. ६४० फुटांत आतल्या भिंतींची जाडीही धरलेली असते, रेराच्या व्याख्येतच तसं आहे. त्यामुळे चालायला मिळते ती जागा त्याहून कमी. टेप घेऊन प्लास्टर ते प्लास्टर मोजा. अशा घरात हॉल बहुधा १० फूट रुंद असतो. सोफ्याची खोली ३ फूट, समोर टीव्हीचं युनिट सव्वा फूट, मध्ये उरले पावणेसहा. एल सोफ्याचा आडवा हात साडेपाच फूट पुढे आला तर तिथे सव्वातीन फूट उरतात, त्यात टीपॉय ठेवला की बाल्कनीकडे जायची वाट बंद. विकत घेण्याआधी वर्तमानपत्रं चिकटवून सोफ्याच्या मापाचा तुकडा जमिनीवर अंथरा आणि दोन दिवस त्याला वळसा घालून चाला. मुलाला धावू द्या. वाटेला तीन फूट मिळाले तर घ्या. लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळणही मोजा, सोफा खाली उभा राहिल्यावर काही करता येत नाही. तुमच्याकडे गौरी-गणपतीला माणसं येत असतील तर तीन माणसांचा सरळ सोफा आणि एक दिवाण मला जास्त कामाचा वाटतो. दिवाणात गाद्या-गोधड्या जातात, पाहुणा झोपतो, सासूबाई दुपारी पडतात.

सासूबाईंचं वय लिहिलेलं नाही, पण गुडघे दुखत असतील तर सोफा आणि पलंग दोन्ही जमिनीपासून १८ इंचांच्या आसपास हवेत. खाली रुतणाऱ्या सोफ्यावरून त्यांना हात धरून उठवावं लागेल, आणि ते त्यांना आवडणार नाही. पलंग ते बाथरूम या वाटेत गालिचा नको, रात्रीचा एक मंद दिवा हवा, कमोडशेजारी पकडायला दांडा हवा. दांडा पक्क्या भिंतीत बसवावा लागतो, म्हणून हे काम आत्ताच्या यादीत घाला.

फॉल्स सिलिंगला माझा विरोध नाही, पण तुमच्या हॉलला त्याची गरज काय, हे कंत्राटदाराला विचारा. छत साडेनऊ फुटांच्या आसपास असतं, पीओपीने सहा इंच खाल्ले की १० फूट रुंदीचा हॉल बुटका वाटायला लागतो. पंखा छताला चिकटला की वारा कमी लागतो, पात्यांच्या वर फूटभर मोकळी जागा हवी. केलंत तर पंख्याचा हूक स्लॅबमध्येच असू द्या, पत्र्याच्या सांगाड्याला पंखा टांगायचा नाही. उजेडासाठी म्हणून करत असाल तर दोन भिंतींवर दिवे आणि कोपऱ्यात एक उभा दिवा एवढ्यात काम होतं. बल्बच्या खोक्यावर उजेडाच्या रंगाचा, पुढे K लिहिलेला आकडा असतो, तो वाचा: ३००० पिवळसर, ६५०० निळसर पांढरा, ४००० मधला. बसायच्या-झोपायच्या खोलीत ३०००, स्वयंपाकघरात आणि मुलाच्या अभ्यासाला ४०००. एकाच खोलीत तिन्ही मिसळले की कितीही महाग रंग दिलात तरी तो डागाळल्यासारखा दिसतो.

रंगाचं थोडक्यात. शेडकार्डावरचा चौकोन चार भिंतींवर गडद दिसतो, म्हणून दोन बाय दोन फुटांचा नमुना दोन वेगळ्या भिंतींवर मारून सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली बघा. आत्ता साधा पांढरा, स्वस्तातला हात द्या, खरा रंग पावसाळ्यानंतर. पडद्यांना कापड खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट घ्या आणि दांडी चौकटीच्या चार-सहा इंच वर लावा. टीव्ही सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत यावा, लोक तो देवाच्या फोटोएवढा उंच टांगतात आणि मान धरते.

म्हणजे तुमच्यापुरतं असं: अक्षय्य तृतीयेपर्यंत वीज, पाणी, ओटा आणि त्याखालचे कप्पे, पांढरा रंग, एक पलंग, एक दिवाण, आतल्या भिंतीचं एकच कपाट. देव कुठे बसवायचे तेही तोवर ठरलेलं हवं. पावसाळाभर राहा. भिंती कुठे ओल्या होतात, मुलगा अभ्यासाला कुठे बसतो, छत्र्या आणि ओल्या चपला कुठे पडतात, सोनाराच्या डबीपासून गुढीच्या काठीपर्यंत कशाला जागा सापडत नाही, हे एका वहीत लिहीत जा. दसऱ्यानंतर ती वही सुताराच्या हातात द्या. सुतार दोनदा घरात येण्याचा त्रास होतो, हे खरं आहे. आठ-दहा दिवस धूळ होईल. काकूंच्या घरी कपाट सोडवायला गेलो तेव्हा तो त्रास याहून पुष्कळ मोठा होता.

राहिला तुमचा कंत्राटदार. त्याच्याशी भांडायचं कारण नाही, चित्रं त्याने मेहनतीने काढलीत. त्याला म्हणा, काम दोन टप्प्यांत करायचं आहे, दोन्हीचे दर आज लिहून द्या. त्या कागदावर प्रत्येक वस्तूचं माप, प्लायचा क्रमांक आणि जाडी, बिजागरी-चॅनल कुठल्या कंपनीचे, मजुरी वेगळी, जीएसटी धरून की सोडून, आणि काम किती झाल्यावर किती रक्कम, हे सगळं यायला हवं. ६ लाखांतले १० ते १५ टक्के त्याला सांगूच नका, ते अचानक निघणाऱ्या कामांसाठी बाजूला ठेवा. तोंडी हिशोबावर तो आगाऊ रक्कम मागेल, सणाआधी मजूर मिळत नाहीत असंही सांगेल. कागद हातात येईपर्यंत थांबा.